बाईला काम येत नाही

आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत, आणि त्यांत सगळ्यात वर एक तारा मिळालेला हा अभिप्राय आहे: ‘साधं लॅच उघडता आलं नाही. म्हातारा दाराशी बडबडत बसतो आणि बाईला काम येत नाही. मला जे भोगावं लागलं ते तुम्हाला नको.’ यातली बाई म्हणजे मी. म्हातारा म्हणजे माझे सासरे. आणि ते लॅच मी उघडलं होतं.

तो अभिप्राय काढून टाकणं माझ्या धाकट्या दिराच्या हातात होतं. काढू नका असं मीच सांगितलं. नाकावर राग घेऊन फिरणारी बाई मी, भाजीवाल्याने वजनात मारलं तरी भर रस्त्यात त्याचा उद्धार करणारी. आणि या बाबतीत मूग गिळून बसले. आता सांगते, कारण जिच्यासाठी गप्प बसले ती आता हे शहर सोडून खूप लांब गेली आहे.

आमचं दुकान कुलपांचं. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मध्ये आम्ही. आत दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. किल्ल्या बनवायच्या, कुलपं बसवायची, आणि किल्ली हरवलेल्यांची दारं उघडून द्यायची. दुकान सासऱ्यांनी उभं केलं. थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, बस चालवतो. त्याचं म्हणणं, दार उघडायला बटण असावं, दाबलं की झालं. धाकटा जाहिरातींच्या ऑफिसात. मग ही विद्या सुनेच्या वाट्याला आली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या. दिवसभर घरात एकटीने भिंती बघायच्या, त्यापेक्षा मी दुकानात जाऊन बसायला लागले. आधी किल्ल्या घासल्या, मग कुलपं खोलून बघितली, आणि पुढे सासऱ्यांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांचे हात मीच झाले. ते शेजारी उभे राहायचे आणि मी काम करायचे.

लोकांना हे पचायला वेळ लागला. दारात पिशवी घेऊन मी उभी दिसले की ते माझ्या मागे डोकावायचे. ‘माणूस मागून येतोय का?’ सासरे म्हणायचे, ‘माणूसच आलंय.’ एवढंच म्हणायचे, पण त्या दोन शब्दांवर मी कितीतरी वर्षं काढली. हळूहळू आमच्या भागात नाव झालं. किल्ली हरवली की लोक म्हणायला लागले, त्या कुलूपवाल्या बाईंना बोलवा. मला त्या नावाचा गर्व होता, आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

सासऱ्यांना, बाबांना, एक खोड होती. दार कुणाचंही असो, आत कोणी नाही हे दहा जणांनी सांगितलेलं असो, कुलपाला हात लावण्याआधी ते दार ठोठावायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ‘आत कोणी आहे का? मी कुलूपवाला. दार उघडायला आलोय. उघडायला नको असेल तर नको म्हणा, मी जाईन.’ मग उभे राहायचे. एकदा एक गिऱ्हाईक अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत जिन्यात कुडकुडत होतं. पेपर घ्यायला बाहेर आला आणि मागे दार लागलं. तो म्हणतोय, ‘काका, मी एकटाच राहतो हो!’ आणि बाबा आपले दाराकडे कान लावून उत्तराची वाट बघतायत.

‘बाबा, भिंतींना विचारता का?’ मी चिडवायचे.

‘दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर विचारून शिरावं,’ ते म्हणायचे. ‘उत्तर आलं नाही तर आपलं काय गेलं?’

मग एक मोठी कंपनी आली. फोनवरच सगळं, टोपी घातलेले तरुण मोटारसायकलवरून येणार. आमचे फोन कमी झाले. तेव्हा एका रविवारी दीर लॅपटॉप घेऊन आला, आणि आमच्या वेबसाइटवरचा मजकूर वाचून त्याने कपाळाला हात लावला. मजकूर बाबांचा होता: ‘आमचे येथे सर्व प्रकारची कुलपे उघडून, बसवून व दुरुस्त करून मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या.’

‘बाबा, किल्ली हरवलेला माणूस दाराबाहेर उभा आहे,’ दीर म्हणाला. ‘तो एक वेळ अवश्य भेट कशाला देईल?’

‘मग काय लिहायचं?’

‘विश्वास वाटेल असं काहीतरी. अनोळखी माणसाला बोलावून आपल्या घराचं दार उघडायला लावायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? आपल्यालाच का बोलवावं? कंपनीवाले करत नाहीत असं आपण काय करतो?’

बाबांनी खरोखर विचार केला. ‘मी आधी दार ठोठावतो,’ ते म्हणाले.

दीर हसला. मीही हसले. बाबाही आमच्याबरोबर हसले आणि तो विषय संपला. दिराने बराच वेळ टकटक करून शेवटी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘कोणतंही कुलूप. तासाभरात. एकही प्रश्न न विचारता.’ खाली माझा फोटो, आणि फोटोखाली, ‘घरच्या बाईइतक्या भरवशाच्या.’

‘घरच्या बाईवर कोण भरवसा ठेवतं?’ मी म्हटलं. ‘तुमच्या भावाला विचारा. साखरेचा डबा कुठे आहे तेसुद्धा मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही.’

फोटोखालची ओळ गेली. वरची राहिली. बाबांनी ती पुन्हा वाचली. ‘एकही प्रश्न न विचारता? आपण तर विचारतो.’

‘तुम्ही दाराला विचारता, बाबा. गिऱ्हाइकाला कुठे विचारता?’

खोटं कशाला बोलू, मला ती ओळ आवडली. ऐटबाज होती, माझ्या कामाला शोभणारी. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं माझी आई म्हणायची. आमचे गहू इतकी वर्षं पडूनच होते. फोन पुन्हा वाजायला लागले. लोक छान छान लिहायला लागले, पाच-पाच तारे, ‘ताईंचा हात म्हणजे जादू’ वगैरे. मी ते रोज सकाळी वाचायचे, आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे.

तो फोन एका दुपारी आला. आवाज मऊ, शिकलेला. ‘ताई, किल्ली ऑफिसात राहिली. जरा येता का?’ तिसरा मजला, स्वच्छ जिना, प्रत्येक दारापुढे पायपुसणं. तो दारापाशीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. दारावरच्या पाटीवर त्याचं आडनाव. त्याने विजेचं बिल दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, सगळं जुळलं. एकही प्रश्न नाही असं लिहिलेलं असलं तरी एवढं आम्ही बघतोच. लॅच मात्र नवं होतं. खाली फरशीवर लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसत होता.

‘परवाच बदललंय,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर सवय नाही, किल्ली विसरली.’

‘घरात कोणी?’ बाबांनी विचारलं.

‘कोणी नाही. मिसेस गावाला गेलीय.’

बाबांनी दार ठोठावलं. ‘आत कोणी आहे का? मी कुलूपवाला...’ तो माणूस आधी चकित झाला, मग हसला. ‘काका, तुमच्या साइटवर तर लिहिलंय, एकही प्रश्न विचारत नाही म्हणून.’

‘तुम्हाला कुठे विचारतोय, साहेब?’ बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपलं बोलणं शेवटपर्यंत पुरं केलं. आम्ही थांबलो. आतून काही आवाज आला नाही. बाबांनी मला मान हलवून खूण केली.

असं लॅच उघडायला दोन गोष्टी लागतात, एक वाकडी पट्टी आणि एक बारीक हूक. पट्टीने कुलपाला फिरण्याच्या दिशेने हलका रेटा द्यायचा, आणि हुकाने आतल्या पिना एकेक करून वर बसवायच्या. शेवटची बसली की पट्टी सैल पडते आणि कुलूप फिरतं. ते कुलूप नवं असलं तरी साधं होतं. माझ्या पिना भराभर बसल्या, पट्टी सैल झाली, मी फिरवायला लागले आणि कुलूप फिरलं. थोडंसंच. मग ते उलटं आलं.

आधी वाटलं, स्प्रिंग असेल. पुन्हा फिरवलं. पुन्हा कोणीतरी मागे ढकलल्यासारखं उलटं आलं, आणि या वेळी पट्टीतून माझ्या बोटांना थरथर जाणवली. स्प्रिंग थरथरत नाही. अशा लॅचला आतून बोटांनी फिरवायची एक चकती असते; ती चकती कोणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभं होतं. माझ्यापासून दाराच्या जाडीएवढ्या अंतरावर. श्वास रोखून.

जोर लावला असता तर मीच जिंकले असते. माझ्या हातात लोखंड होतं आणि बोटं रोजची कामाची. ‘आत कोणीतरी आहे’ एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण जो कोणी आत होता त्याने बाबांचं बोलणं ऐकलं होतं, नको म्हणालात तर जाईन हेही ऐकलं होतं, आणि तरी तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे आवाज आम्हाला नाही, माझ्या पाठीशी उभ्या असलेल्या त्या माणसाला ऐकू जायला नको होता. ते नवं लॅचही त्यालाच बाहेर ठेवायला बसवलेलं असणार. चोर असेल, हेही डोक्यात येऊन गेलं. पण चोर असं दार धरून कापत उभा राहत नाही.

मी पट्टीवरचा रेटा हळूहळू सोडला. पिना एकेक करून खाली बसल्या. पट्टी काढली, हूक काढला आणि उभी राहिले.

‘नाही होत, साहेब,’ मी म्हटलं.

‘नाही होत म्हणजे?’

‘आतून बिघाड आहे. माझ्याच्याने नाही उघडणार.’

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. बाबा माझ्याकडे बघत होते. असली लॅचं मी गप्पा मारता मारता उघडते, हे त्यांना ठाऊक. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं. मी दुसरा हूक काढत नव्हते, पिशवी आवरत होते. मग ते त्या माणसाकडे वळले आणि अगदी ओशाळं हसून म्हणाले, ‘माफ करा, साहेब. नवीन आहे. शिकतेय अजून.’

ज्या तोंडाने त्यांनी इतकी वर्षं ‘माणूसच आलंय’ म्हटलं होतं, त्याच तोंडाने ते हे म्हणाले. मला त्यांचा अर्थ कळला, त्यांना माझा कळला होता, तरी ते शब्द मला चटका बसावा तसे लागले.

त्याचा मऊ आवाज गेला. त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. ‘मग हे लिहिता कशाला? कोणतंही कुलूप! लाज वाटते का?’ बाबा म्हणाले, ड्रिलचं मशीन दुकानात आहे, ते आणतो, वेळ लागेल. तो आमच्या पुढे तणतणत जिना उतरायला निघाला, आणि जाता जाता त्याने दारावर पंजाने एक जोरात थाप मारली. घरात कोणी नाही म्हणणारा माणूस रिकाम्या घराला अशी थाप मारत नाही.

कोपऱ्यावर वळल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं आणि पोलिसांना फोन लावला. पत्ता दिला, मजला सांगितला.

‘तुम्ही कोणाला पाहिलंत का?’

‘नाही.’

‘आवाज ऐकलात?’

‘नाही.’

‘मग कळलं कसं?’

‘हाताला कळलं,’ मी म्हटलं. पलीकडच्या माणसाने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, ‘पाठवतो कोणाला तरी.’

बाबा तोवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ओळखीच्या कुलूपवाल्यांना फोन करत होते. त्या पत्त्यावरून बोलावणं आलं तर जाऊ नका, कारण विचारू नका. मोठ्या कंपनीत त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं, त्याची त्यांना फार चुटपुट लागली. जीप आली. पोलिसांनी त्याच्याबरोबर वर जाऊन बेल वाजवली असावी, कोणी उघडलं नाही, ते त्याला घेऊन खाली आले. तो कागद दाखवत होता, हात उडवत होता. उद्या इमारतीच्या ऑफिसातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन या, आज दार फोडायचं नाही, असं काहीसं ते त्याला सांगत होते. शेवटी तो गाडीत बसून निघून गेला आणि जीपही गेली.

मी एकटीच परत वर गेले. दारापुढे उभी राहिले आणि बाबांसारखंच दार ठोठावलं. मग म्हटलं, ‘मी कुलूपवाली. तो गेलाय. आज येणार नाही. उद्या येईल, माणसं घेऊन. मी दार उघडायला आलेली नाही, एवढंच सांगायला आले.’ उत्तर आलं नाही. ज्याला मी भिंतींशी बोलणं म्हणत आले, तेच मी त्या जिन्यात करत होते, आणि मला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

घरी जेवायला बसल्यावर बाबांनी ताट बाजूला सारलं. ‘माझंच चुकत आलं,’ ते म्हणाले. ‘ज्याच्या धाकाने माणूस आत बसतं, त्यालाच शेजारी उभा करून मी विचारत होतो, नको असेल तर नको म्हणा. कोण म्हणेल?’ मी म्हटलं, बाबा, असं कितींदा झालं असेल? ते म्हणाले, तेच तर माहीत नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दार उघडल्याचं आणि घर रिकामं निघाल्याचं बाबांच्या कानावर आलं, आणि संध्याकाळी तो एक तारा वेबसाइटवर आला. म्हातारा बडबडतो, बाईला काम येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दीर धावत आला. ‘वहिनी, तू फक्त सांग. एक बोट लावायचा अवकाश, दिसेनासं करतो.’

‘काढू नका. उत्तर लिहा,’ मी म्हटलं. ‘मी सांगते तसं लिहा.’ आणि मी सांगितलं, सगळं. लॅच कसं फिरलं, उलटं कसं आलं, थाप कोणी मारली. इतकं सणसणीत उत्तर मी जन्मात दिलं नसेल. दीर टाइप करत होता आणि मधूनमधून ‘वा, वहिनी’ म्हणत होता. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते.

लिहून झालं. दिराने विचारलं, टाकू का? बाबा म्हणाले, ‘नाव तिचं आहे. ती म्हणेल तसं.’

मी ते पुन्हा वाचायला घेतलं, कुठे एखादा शब्द कमी पडला तर घालावा म्हणून. वाचता वाचता थांबले. तो माणूस हे वाचणार होता. आज त्याला नुसती शंका होती, बायको तेव्हा घरात होती की लॅच बदलून आधीच निघून गेली होती. माझं उत्तर वाचलं की त्याची खात्री होणार होती. कोणी खोटं सांगितलं, कोणी लपवलं, ती कधी आणि कुठून निघाली असेल, सगळा हिशेब तो मांडणार होता. मला माझं नाव परत मिळणार होतं, आणि तिचा माग त्याला.

‘पुसा,’ मी म्हटलं.

‘मग त्याचं निदान दिसेनासं तरी करू दे.’

‘नको. काढलं की तो चिडेल, का काढलं म्हणून विचार करायला लागेल. राहू दे तसंच. त्याला वाटतंय ना बाई बिनकामाची होती म्हणून? वाटू दे. असल्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही. ते पटलंय तोवर तो दुसरं काही शोधणार नाही.’

मी हे शांतपणे बोलले असं वाटेल. मी रडत बोलले. दुसऱ्या कुणाच्या जिवासाठी का होईना, स्वतःच्या हाताला स्वतःच नावं ठेवायची, हे सोपं नव्हतं. दिराला माझ्याकडे बघवेना म्हणून तो स्क्रीनकडे बघत होता. नवऱ्याने चहा करून आणला; साखरेचा डबा त्याला न विचारता सापडला होता.

मग दिरानेच विषय काढला. ‘एकही प्रश्न न विचारता’ हे आता तिथे ठेवता येणार नाही. या खेपेला त्याने ऐट केली नाही. बाबांना विचारत गेला आणि ते सांगतील तसं लिहीत गेला. तो मजकूर अजून तसाच आहे: ‘दार तुमचं आहे याचा कागद आम्ही मागू. मग तुम्हाला इमारतीखाली थांबायला सांगू. तुम्ही खाली असताना आम्ही दार ठोठावू, आमची ओळख सांगू आणि थोडा वेळ थांबू. दार रिकाम्या घराचं असलं तरी. ही पद्धत आम्ही कोणासाठीही बदलत नाही. फार घाई असेल तर दुसरीकडे विचारावं.’

‘स्वतःच्या जाहिरातीत दुसरीकडे विचारा असं लिहिणारं हे पहिलंच दुकान असेल,’ दीर म्हणाला. ‘ऑफिसात कळलं तर माझी नोकरी जाईल.’

फोन कमी झाले. काही जण फोन करून खात्री करून घ्यायचे, ‘तुम्हीच का त्या, ज्यांना लॅच उघडता आलं नव्हतं?’ मी हो म्हणायचे. एकाने तर माझ्यासमोर बाबांना सांगितलं, काका, तुम्हीच करा, यांना देऊ नका. बाबांचे हात खिशात होते, ते खिशातच कापत होते. पण काही माणसं तो लांबलचक मजकूर वाचून मुद्दाम आमच्याकडेच यायला लागली. म्हाताऱ्या आईला एकटं ठेवून कामाला जाणारी एक मुलगी आली. ती म्हणाली, तुम्ही आधी विचारता ना, म्हणून आले. दुकान बंद पडलं नाही, एवढं झालं.

बऱ्याच महिन्यांनी एका बाईचा फोन आला. नवं लॅच बसवायचंय. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा. आमच्या भागातली ती नव्हती. बाबांचा दमा वाढला होता, मी एकटीच गेले. एक खोली, एक खिडकी, जमिनीवर अंथरूण, कोपऱ्यात एकच बॅग, तीसुद्धा भरलेली. बाई माझ्याच वयाची. मी काम करत होते तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती, आणि माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होती.

मी शेवटचा स्क्रू आवळत असताना ती म्हणाली, ‘त्या दिवशी उघडलं होतं ना?’

माझा हात थांबला.

‘फिरलं होतं,’ ती म्हणाली. ‘मला हाताला कळलं. मी सगळा जोर लावला होता तरी फिरलं. मग तुम्ही सोडलंत.’

मला ते काम येतं हे छातीठोकपणे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर भिंतीला टेकून उभं होतं. मी नुसती मान हलवली.

‘तुम्ही परत वर येऊन बोललात, तेही ऐकलं. उत्तर दिलं नाही.’ तिने खिडकीबाहेर एकदा बघून घेतलं. ‘वाटलं, त्यानेच पाठवलं असेल तुम्हाला.’

‘बरोबर केलंत,’ मी म्हटलं.

‘रात्री निघाले. तो दाराबाहेर तुमच्या साइटवरची ओळ बोलला होता, त्यावरून तुम्हाला शोधलं. तेव्हापासून रोज तुमची साइट बघते. तो एक तारा आहे का ते बघते. तो वर आहे तोवर त्याला कळलेलं नाही, असं धरून चालते. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी ही बॅग उचलायची.’

त्या अभिप्रायाकडे मी इतके महिने तोंड वाकडं करून बघत होते. सकाळी उठून साइट उघडायचंच सोडलं होतं. आणि तिथे कोणीतरी रोज सकाळी तेच वाचून दिवस काढत होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी किल्ल्या तिच्या हातात दिल्या. लॅच दोनदा लावून, उघडून दाखवलं. तिने किल्ल्या मोजल्या, मुठीत धरल्या, आणि मान खाली घालून हळूच विचारलं, ‘सगळ्या दिल्यात ना? एखादी तुमच्याकडे राहिली नाही ना?’

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी खाली बसले आणि पिशवी फरशीवर उलटी केली. हूक, पट्ट्या, कानस, पक्कड, स्क्रूंची डबी, रुमाल, दोन गोळ्या, बसचं तिकीट, सगळं. डबीही उघडून ओतली. मग उभी राहून खिसे बाहेर काढून दाखवले. ती माझ्यासमोर बसली आणि एकेक वस्तू उचलून बघत गेली. घाई केली नाही, आणि मीही तिला घाई केली नाही. रुमाल झटकून तिने घडी घालून ठेवला.

‘बरं,’ ती शेवटी म्हणाली.

मी सगळं भरून बाहेर आले. मागे दार लागलं. आतून चकती फिरल्याचा आवाज आला, मग दार ओढून बघितल्याचा, मग पुन्हा एकदा. ते सगळं होईपर्यंत मी जिन्यात थांबले, आणि मग खाली उतरले.